ऊन लागणं, ऊन घेणं

डॉक्टरांनी मायला ऊन लिहून दिलं, तेव्हा ती त्यांच्यावर रागावली. डाव्या हाताने पदर सावरला, पिशवी उचलली आणि माझी वाट न बघता दवाखान्याच्या पायऱ्या उतरायला लागली. उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये, गळ्यात पट्टा. मी मागून औषधांची चिठ्ठी घेऊन धावले.

दिवाळी होऊन पंधरवडा झाला असेल. आठ दिवसांपूर्वी ती मोरीत घसरली होती. पडणं तसं साधंच होतं. तोल गेला, हात टेकला आणि मनगट मोडलं. एक्स-रे बघून डॉक्टर म्हणाले, एवढ्याशा पडण्यानं हाड मोडायला नको होतं, रक्त तपासून घ्या. मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. सकाळी सहाला निघायचं, घरोघरी जाऊन लोकांचं उपाशीपोटीचं रक्त घ्यायचं, दहाच्या सुमारास घरी येऊन खायचं आणि बाराला पुन्हा लॅबमध्ये, हा माझा रोजचा दिवस. मायचं रक्त मीच काढलं. रिपोर्टही मीच आणला. ड जीवनसत्त्व तिच्या अंगात जवळजवळ नव्हतंच.

डॉक्टर गुजराती, पण आमच्याशी हिंदीत बोलतात. "माजी, हड्डियाँ कमज़ोर हैं," ते म्हणाले. "हफ़्ते में एक पुड़िया दूध में लो. और रोज़ आधा घंटा धूप."

मायला हिंदी नीट कळतं. तरी तिनं माझ्याकडे बघितलं.

"रोज अर्धा तास ऊन घ्यायला सांगतायत," मी म्हटलं.

रिक्षात ती वाटभर बाहेर बघत होती. गल्लीच्या तोंडाशी उतरताना एकदाच बोलली, "मी काय चोरी करेल शे का? माले उनमा बठाडस?"

चोरी केलेल्याला उन्हात उभं करतात, तशी शिक्षा तुम्ही मला देताय, असं तिचं म्हणणं. माय घरात अहिराणीच बोलते. मी शाळेतलं मराठी आणि तिची अहिराणी एकात एक मिसळून बोलते, आणि दारातून बाहेर पाऊल टाकलं की गुजराती. आमच्या घरात आता आम्ही दोघीच आहोत. बाबा जाऊन तीन वर्षं झाली.

ऊन हा शब्द आमच्या घरात कधी कौतुकानं उच्चारला गेला नाही. लहानपणी पुस्तकात 'कोवळं ऊन', 'सोनेरी ऊन' असं वाचलं की मला ते दुसऱ्याच कुठल्या वस्तूचं वर्णन वाटायचं. मायच्या तोंडी ऊन यायचं ते धाक घालायलाच. उन्हात फिरू नको. ऊन कललं की जा. डोक्यावर ओढणी घे, ऊन लागेल. हे 'लागेल' ती असं म्हणायची, की जणू कुणी वरून दगड मारणार आहे. मी कामावरून आले की आजही आधी माझा चेहरा बघते, तांबडा झालाय का. आणि गंमत म्हणजे हाच शब्द स्वयंपाकघरात आला की तिच्या आवाजात माया यायची. ऊन पाणी. ऊन भाकर. "ऊन ऊन खाई ले," ती ताट पुढे सरकवत म्हणायची. चुलीवरचं ऊन आपलं आणि आभाळातलं परकं, अशी तिनं वाटणी करून टाकली होती. मी त्यावर कधी विचार केला नाही. आईचे काही हट्ट असतात, त्यातला हा एक.

आमचं घर सुरतेत, कतारगाममध्ये, तळमजल्यावर दोन खोल्या. गल्ली अरुंद, दोन्ही बाजूंना चार चार मजले. गल्लीच्या टोकाला अजून लूम्सची दोन खाती, म्हणजे कापड विणायचे कारखाने, चालू आहेत, त्यांचा खडखडाट इतका सवयीचा की बंद पडला तरच कान टवकारतात. त्यातल्याच एका खात्यात बाबांनी उभं आयुष्य काढलं. घरात भर दुपारीही ट्यूबलाइट लागते. गच्चीवर ऊन आहे, पण चार जिने चढून जायला मायचे गुडघे तयार नव्हते, आणि आता तर कठडा धरायला हातही एकच.

आठवडाभर मी सांगत राहिले आणि ती टाळत राहिली. पुडी दुधातून घ्यायची, त्याबद्दल तक्रार नाही. उन्हाचं नाव काढलं की तिला काहीतरी काम आठवायचं. एका हातानं काम होत नाही म्हणून मग ती नुसतीच उभी राहायची, गॅसपाशी.

एके दिवशी माझा संयम सुटला. सकाळपासून नऊ घरं केली होती, एका घरी लहान मुलीच्या हाताची शीर सापडत नव्हती, तिच्या बापानं मला दोन शब्द सुनावले होते. घरी आले तर माय अंधाऱ्या खोलीत पलंगावर बसलेली.

"तुला कळत नाही का?" मी म्हटलं. "हाडं ठिसूळ झालीत तुझी. उद्या पुन्हा पडलीस तर मी कामाला जाऊ की तुझ्याजवळ बसू?"

मला लगेच वाईट वाटलं, पण बोललेलं परत घेता येत नाही. मी फणी आणि तेलाची बाटली घेतली आणि तिच्या मागे बसले. हात मोडल्यापासून तिची वेणी मीच घालत होते. थोडा वेळ मी नुसती गुंता सोडवत होते, आणि मग ती बोलायला लागली. तोंड भिंतीकडे, त्यामुळे मला तिचा चेहरा दिसत नव्हता.

तिला एक मोठी बहीण होती. ती लहानपणी तापानं गेली, एवढंच मला माहीत होतं. त्या दिवशी मायनं सांगितलं ते असं. ती स्वतः अकरा वर्षांची, बहीण पंधरा-सोळाची. चैत्र संपत आलेला, कांदा काढायचा हंगाम. दोघी दुसऱ्याच्या शेतात कांदे काढायला गेल्या होत्या. दुपारी बहीण म्हणाली, डोकं ठणकतंय, घरी जाऊ. माय म्हणाली, एवढी एक ओळ राहिली, ती करून जाऊ. ओळ संपायच्या आत बहीण खाली बसली, मग आडवी झाली. तिला उचलून लिंबाच्या झाडाखाली नेलं, तोंडावर पाणी मारलं, कांदा फोडून नाकाशी धरला. दिवस मावळायच्या आत ती गेली. लोक म्हणाले, ऊन लागलं.

"एक ओळ व्हती," माय म्हणाली. "एकच."

माझ्या हातातली फणी थांबली होती.

त्यानंतर तिच्या बापानं तिला शेतात जाऊ दिलं नाही. घरची माणसं बोलायची, दोन हात कमी झाले म्हणून, पण त्यानं ऐकलं नाही. पुढे सुरतेचं स्थळ आलं तेव्हा त्यानं नवऱ्या मुलाबद्दल एकच प्रश्न विचारला. काम छपराखाली आहे ना? लूम्सच्या खात्यात आहे म्हटल्यावर त्यानं होकार दिला. घर कसं, माणसं कशी, काही विचारलं नाही. निघताना तो मायला म्हणाला, "सावलीमा ऱ्हाशी."

सावलीत राहशील. आणि ती राहिली. पस्तीस वर्षं राहिली. घरात बसून साड्यांचे धागे कापले, मला वाढवलं, बाजारहाट केला तोही दिवस कलल्यावर. तिच्या दृष्टीनं तिनं बापाचा शब्द पाळला होता. आणि आता कुणी एक डॉक्टर टेबलापलीकडून सांगत होता की तुमचं हाड त्या सावलीनंच पोखरलं.

मी वेणी पुरी केली. आमच्या घरात कुणी कुणाची माफी मागत नाही, त्याचे शब्दच आमच्याकडे नाहीत. मी चहा केला, तिला आवडतो तसा जास्त साखरेचा. ती डाव्या हातानं कप धरून प्यायली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चपला घालत होते तेव्हा तिनं आतून विचारलं, "आपला गल्लीमा ऊन कितला वाजता येस?"

पंचवीस वर्षं त्या घरात राहून आमच्या गल्लीत ऊन कधी येतं ते मला माहीत नव्हतं. शोध तिनंच लावला. साडेदहाच्या सुमारास समोरच्या दोन इमारतींच्या फटीतून एक पट्टा खाली उतरतो. पलीकडच्या दारासमोर, गटाराच्या झाकणाच्या बाजूला पडतो, खाटेएवढा. सव्वाअकराला भिंतीवर चढायला लागतो आणि मग गल्ली पुन्हा होती तशी.

पहिल्या दिवशी तिनं प्लास्टिकची खुर्ची सावलीतच ठेवली आणि फक्त पाय उन्हात सोडले. पदर कपाळापर्यंत ओढलेला. थंड पाण्यात उतरणारं माणूस आधी बोटं बुडवून बघतं, तशी ती बसली होती. मी खिडकीतून बघत होते. अर्धा तास झाल्यावर ती उठली, खुर्ची आत आणली आणि म्हणाली, "ऊन गयं."

अहिराणीत 'उनं' म्हणजे 'आलं'. पाऊस उना, पाहुणी उनी, पत्र उनं. त्यामुळे त्या दिवसांत रोज साडेदहाला आमच्या दारातून हाक यायची ती बाहेरच्या माणसाला चमत्कारिक वाटली असती. "ऊन उनं वं!" शेजारच्या घरापर्यंत ऐकू जाईल अशी. हळूहळू हाकेतली भीती गेली आणि ती रोजच्या दूधवाल्याची वर्दी द्यावी तशी झाली.

पट्टा ज्या दारासमोर पडायचा तिथे काठियावाडी कुटुंब राहायचं. सहाएक महिन्यांपूर्वी आलेलं. मुलगा हिऱ्याच्या कारखान्यात, सून घरी, आणि मुलाची आई. तिला सगळी गल्ली 'बा' म्हणायची, आम्हीही. सत्तरीच्या पुढची, पांढरा साडला, तोंडात दात चारदोन. माय आणि बा यांच्यात तोवर मान हलवण्यापलीकडे बोलणं नव्हतं. मायचं गुजराती भाजीबाजारापुरतं. तिची पस्तीस वर्षं खानदेशी बायकांबरोबर धागे कापण्यात गेली, तिथे गुजरातीचं काम पडलं नाही.

तिसऱ्या का चौथ्या दिवशी मी नुकतीच घरी येऊन हातपाय धूत होते. बा आपल्या दारात आली आणि तिनं मायला विचारलं, "बेन, शुं करो छो?"

माय म्हणाली, "ऊन लेवा बेठी."

बानं मायच्या रिकाम्या मांडीकडे बघितलं. मग प्लास्टरकडे. "ऊन? अहीं क्यां मळे छे ऊन?"

मायनं पायाकडे बोट दाखवलं. "आ रह्युं ने."

बा कमरेत वाकून जमिनीवर शोधायला लागली. काही दिसेना तेव्हा सरळ झाली, मायकडे जरा विचित्र नजरेनं बघितलं आणि आत गेली. मला उशिरा उमगलं. गुजरातीत ऊन म्हणजे लोकर. आपल्या उन्हाला ते तडको म्हणतात. मी हात पुसत बाहेर येईपर्यंत बा परत आली होती. हातात कापडी पिशवी, पिशवीत मरून रंगाच्या लोकरीचा गुंडा आणि दोन सुया. तिनं ती मायच्या मांडीवर ठेवली.

"लो, ऊन. पण आ हाथे गूंथशो केम?" या हातानं विणणार कशा, असं तिचं म्हणणं.

माय माझ्याकडे बघायला लागली. "लोकर? माले कसाले?"

मला हसू आवरेना. मी आधी बाला सांगितलं, मग मायला. बा पदर तोंडाला लावून जी हसायला लागली ती भिंतीचा आधार घेऊनच थांबली. "तडको!" ती म्हणाली. "तडको लेवा बेठां छे, ने हुं नीचे दडो गोतुं छुं!" मायला सगळे शब्द कळले नसावेत, पण वाकून लोकरीचा गुंडा शोधणारी म्हातारी तिच्या डोळ्यासमोर होती. तीही हसली. मनगट मोडल्यापासून पहिल्यांदाच.

मायनं पिशवी परत दिली, बानं घेतली नाही. राहू दे म्हणाली. आणि आतून पाट आणून मायच्या खुर्चीशेजारी बसली, पट्ट्याच्या अगदी मधोमध.

तेव्हापासून दोघी रोज बसायच्या. बा तान्ह्या बाळांच्या टोप्या विणायची. तिच्या गावाकडे थंडी पडते, तिथे प्रत्येक घरी तिची टोपी असायची. सुरतेत कुणी घालत नाही, पण तिचे हात रिकामे राहत नसत. इथे कसली आली थंडी, अशी तिची रोजची कुरकुर. माय बघत बसायची. खुर्ची रोज वीतभर पुढे सरकत होती, मी लक्ष ठेवून होते. नाताळच्या सुट्ट्या लागल्या तोवर पदर कपाळावरून मागे गेला होता.

प्लास्टर काढलं तेव्हा हात बारीक झालेला, कातडी भुरभुरीत, आणि बोटं लाकडासारखी. मूठ वळेना. व्यायाम करून घेणाऱ्या ताईंनी एक मऊ चेंडू दिला, दिवसातून चार वेळा दाबायचा. मायला तो पोरखेळ वाटला. दोन दिवसांनी झाडताना चेंडू मला पलंगाखाली सापडला. मी तो पुन्हा तिच्या हातात दिला, तो पुन्हा पलंगाखाली गेला.

मग बानं एके दिवशी काही न विचारता तिच्या हातात सुया दिल्या. मी डॉक्टरांना फोन करून विचारलं. दुखेल इतकं करू नका, बाकी चांगलंच आहे, ते म्हणाले. पहिला आठवडा सुई हातात राहतच नव्हती. टाके पडायचे, लोकर गुंतायची. एकदा मायनं सगळं जमिनीवर टाकलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं, रागाचं. मी पुढे होणार तोच बानं मला हातानं थांबवलं. लोकर उचलली, सगळी उसवली, पहिल्यापासून टाके घातले आणि सुया परत मायच्या हातात दिल्या.

एक दिवस बा मला म्हणाली, "तारी मासीनुं सांभळीने बहु दुःख थयुं, दीकरी."

तुझ्या मावशीचं ऐकून फार वाईट वाटलं. मी चपापले. जी गोष्ट मला इतक्या वर्षांत कळली नाही ती मायनं बाला सांगितली होती. कोणत्या भाषेत सांगितली, कोण जाणे. एक ओळ राहिली होती हे बाला कळलं का, ते विचारायचं माझ्या तोंडाशी आलं होतं. विचारलं नाही.

संक्रांत उलटल्यावर वरच्या मजल्यावरचा एक भाडेकरू नेमकी त्या पट्ट्यात मोटरसायकल उभी करायला लागला. पहिले दोन दिवस दोघी कडेला आखडून बसल्या. तिसऱ्या दिवशी मी घरात होते. मायचा आवाज आला, आणि आधी मला तो तिचा वाटलाच नाही. त्या गल्लीत ती कधी मोठ्यानं बोललेली मी ऐकलं नव्हतं.

"भाई, गाडी थोडी आघी ल्यो. आ अमारुं ऊन छे."

"शुं छे?" तो म्हणाला.

"ऊन छे, ऊन!" बा मागून गरजली. "तडको! एटलुंय नथी समजातुं?"

त्यानं गाडी हलवली. त्यानंतर तो रोज जाता-येता "ऊन केम छे?" असं विचारायचा, आणि दोघी माना डोलवायच्या.

त्याच सुमारास, माघ असेल, बा दोन दिवस मुलीकडे गेली होती. माय एकटीच बसली होती. माझ्या हातात वेळ होता. "आठे बठ मनाजोडे," ती म्हणाली. मी तिच्या शेजारी ओट्यावर टेकले. ती डोळे मिटून बसली होती, पूर्ण उन्हात, चेहऱ्यावर ऊन घेऊन. मग म्हणाली, "तुना बाप आठेच बठे."

मला आठवलं. आठवड्यातून एक दिवस वीज बंद असायची, खात्याला सुट्टी. त्या दिवशी बाबा अंघोळ करून बनियनवर इथेच येऊन बसायचे, डोळे मिटून, मान भिंतीला टेकून. बारा-बारा तासांच्या पाळ्या, सकाळी अंधारात आत जायचं आणि बाहेर यायचं तेही अंधारात. लूम्सच्या आवाजानं त्यांचे कान गेले होते. माय आतून हाका मारायची, आत या, डोकं तापेल. त्यांना ऐकू यायचं नाही. मग ती स्वतः जाऊन त्यांचा हात धरून त्यांना आत आणायची, आणि ते मुकाट्यानं यायचे.

"मी त्याले घरमा बलाऊ," माय म्हणाली. "बठू देवाले पाहिजे व्हतं."

मी म्हटलं, "तुझं तरी काय चुकलं."

"चुकनं," ती म्हणाली. रडली वगैरे नाही. कांदा महाग झाला म्हणावं तसं म्हणाली आणि डोळे पुन्हा मिटले. आम्ही सव्वाअकरापर्यंत बसलो.

पुढच्या महिन्यात पुन्हा रक्त काढलं. रिपोर्ट घेऊन आले तर ती दारातच उभी. "पास का?"

"पास," मी म्हटलं.

मनगट थोडं वाकडं राहिलं, ते तसंच राहणार. पण मूठ वळते, पोळी लाटता येते. फाल्गुनात ऊन कडक झालं तेव्हा मायनं शेजारणीची खाट मागून आणली, पट्ट्यात टाकली, वर धुतलेलं धोतर पसरलं आणि ज्वारीच्या शिजवलेल्या पिठाचे पापड, आमचे बिबडे, घातले. आम्ही बिबडे नेहमी गावाहून आणवायचो, तिच्या हातचे मी कधी खाल्ले नव्हते. पट्टा सरकला की दोघी म्हाताऱ्या खाट सरकवायच्या. बाला पळीनं पीठ गोल पसरता येईना, तर माय तिला म्हणाली, "ऐसं नही, ऐसं," आणि तिचा हात आपल्या हातात धरून दाखवलं.

वैशाखात बाचं बिऱ्हाड हललं. मुलाला शहराबाहेर, सचिन गावाच्या बाजूला, कारखान्यात चांगली जागा मिळाली, राहायचं घरही तिकडेच घेतलं. सकाळी टेम्पो आला. मायनं बिबड्यांचा डबा दिला. बानं सुया दिल्या, एक मरून रंगाची टोपी दिली, अर्धवट विणलेली, पुरी तूच कर म्हणाली. दोघींनी एकमेकींचे हात धरले. टेम्पो वळताना बानं पुढच्या खिडकीतून हात बाहेर काढला होता, तो दिसेनासा होईपर्यंत माय उभी होती.

त्यानंतर दहा-बारा दिवसांनी मी साडेदहाला घरी आले तर दाराला कुलूप. फोन लावला तर तो आतच वाजत होता. शेजारीण म्हणाली, पिशवी आणि छत्री घेऊन गेली, कुठे ते सांगितलं नाही. मी बाजारात बघून आले, दवाखान्यात बघून आले. लॅबला कळवलं की आज दुपारी येत नाही. तीन वाजता ती गल्लीच्या तोंडाशी दिसली, छत्री उघडी, चालणं सावकाश, चेहरा लालबुंद.

ती सचिनला जाऊन आली होती. एकटी. स्टेशनपर्यंत एक बस, तिथून दुसरी. जी बाई पस्तीस वर्षांत बाजाराच्या पलीकडे एकटी गेली नव्हती, ती लोकांना बाचा पत्ता लिहिलेला कागद दाखवत गेली होती.

"वैशाखातल्या दुपारी!" मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. "ऊन लागलं असतं म्हणजे?"

तिनं छत्री मिटली. माठातलं पाणी घेतलं, बसून प्यायली, सावकाश. "छत्री व्हती ना," ती म्हणाली. मग सांगायला लागली. सहावा मजला, लिफ्ट आहे, बाल्कनी आहे, सगळीकडे मोकळं. बा सकाळी आठलाच बाल्कनीत येऊन बसते. पण एकटीला करमत नाही, सून कामात असते. परत येताना बस भेस्तानवरून आली, तिथे आपल्या गावाकडच्या दोन बाया चढल्या, त्यांनी तिला जागा दिली, गावाकडची विचारपूस केली.

बोलता बोलता तिनं पिशवीतून ती टोपी काढली. पुरी झाली होती. एक बाजू जरा सैल, एक घट्ट. बाच्या घरी बसून शेवटचे टाके बंद केले होते.

"कोणाला देणार?" मी विचारलं.

"कोनले बी. पोऱ्या होतसच कोनले ना कोनले." ती टोपी हातावर घालून बघत होती. "पुढला बेस्तरवारले तू बी चाल."

त्या गुरुवारी मी लॅबमधून रजा घेतली. बसमध्ये खिडकीची जागा तिनं धरली आणि उधना गेल्यावर मला एक एक थांबा नाव घेऊन सांगायला लागली.